नूगा खोटं बोलते

"खोटं बोलते ही," असं म्हणत गुल्वेननं कुत्रीच्या गळ्यातला पट्टा काढला आणि पितळी घंटीसकट माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर आपटला. मी नुकतंच तव्यावर धिरडं घातलं होतं. ते उलटायचं राहिलं आणि करपलं.

"कोण खोटं बोलतं?"

"ही. तुझी लाडकी."

लाडकी दारातच बसली होती. पांढऱ्या अंगावर नारिंगी डाग, शेपटीच्या नावानं नुसतं बोंडुक, पोटाखाली चिखल आणि कानांच्या झालरीत काट्यांचे गुंते. खोटं बोलणारी तोंडं मी पुष्कळ पाहिली आहेत, आमच्या गावात त्यांची टंचाई नाही. पण नूगाचं तोंड त्यातलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष करपलेल्या धिरड्याकडे होतं, आणि ते शेवटी तिलाच मिळालं.

आमच्या डोंगरात बेकासच्या शिकारीला जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात घंटी असते. बेकास म्हणजे लांब चोचीचं, पाचोळ्याच्या रंगाचं पाखरू. थंडी सुरू झाली की उत्तरेकडून येतं आणि झाडीत असं दडतं की पायाखाली आलं तरी माणसाला दिसत नाही. झाडी इतकी दाट की कुत्रंही दिसत नाही. म्हणून घंटी. ती वाजते तोवर कुत्रं धावतंय, हुंगतंय, शोधतंय. ती थांबली की समजायचं, पाखरू सापडलं आणि कुत्रं त्याच्यासमोर खिळून उभं आहे. मग शिकाऱ्यानं गुपचूप तिथं पोचायचं. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं.

"घंटी थांबते," गुल्वेन सांगत होता, "मी जातो, आणि बघतो तर बाईसाहेब झुडपातून मजेत हिंडतायत! पुन्हा थांबते. पुन्हा जातो. पुन्हा तेच. दिवसभर नाचवलं मला."

"दमली असेल."

"काय?"

हल्ली त्याला प्रत्येक वाक्यावर 'काय?' म्हणायची सवय लागली होती. मला वाटे, मला तेच दोनदा बोलायला लावून दोन्हींतला फरक पकडायची ही त्याची युक्ती असावी. नवरा संशयी असला की बायको सरळ कशी राहणार?

"दमली असेल म्हटलं!"

"ही कसली दमते?" त्यानं घंटी उचलून कानाजवळ हलवली. घंटी खणखणीत वाजली. "बघ. घंटी ठीक आहे. म्हणजे कुत्रीच बिघडली. आणि कुत्री आपोआप बिघडत नाही, सोआझिग. कोणीतरी बिघडवतं."

'कोणीतरी' म्हणताना त्यानं खिडकीतून अर्सेनच्या धुराड्याकडे पाहिलं.

अर्सेन आमचा शेजारी. नूगा त्याच्याच कुत्रीच्या पोटची. आमची मुलगी नोलवेन नोकरीसाठी ब्रेस्त शहरात गेली, त्या वर्षी अर्सेननं हे पिल्लू कोटाच्या खिशात घालून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. घरात दोनच माणसं उरली की त्यांचं ऐकून घेणारं तिसरं कोणीतरी लागतं. ही स्पॅनियल जात मूळची आमच्याच भागातली. रानात वाघीण आणि घरात लेकरू. गुरुवार-रविवार ती गुल्वेनची, बाकीचे दिवस माझी. मी कपडे वाळत घालताना चिमटे पळवायचे, मी रडले तर गुडघ्यावर हनुवटी ठेवायची, आणि गुल्वेननं बूट हातात घेतले की मला पार विसरून जायचं, असा तिचा बाणा.

गुल्वेननं जन्मभर डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. भल्या पहाटेपासून इंजिनाच्या घरघरीत बसून तो शेताशेतावर फिरे. त्यामुळे कुठल्या ओढ्याकाठी, कुठल्या झाडीत बेकास उतरते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पण आमच्याकडे ही जागा कोणी कोणाला सांगत नाही. बाप मुलाला मरताना सांगतो, तेही शुद्धीवर असला तर. अर्सेन आणि गुल्वेन एका बाकावर शिकले, एकमेकांच्या लग्नात नाचले, पण रानात जाताना एक डावीकडे वळे तर दुसरा मुद्दाम उजवीकडे. अर्सेनला त्याच्या झाडीचा पत्ता हवा आहे, असा गुल्वेनला कायमचा संशय. आता त्यात भर पडली. आपल्या पाठीमागे अर्सेन नूगाला फितवून रानात नेतो आणि तिच्याकडून ती जागा काढून घेतो, असं त्याच्या डोक्यानं घेतलं.

"कुत्री काय पत्ता सांगणार आहे त्याला?" मी म्हटलं.

"तिला सांगावा लागत नाही. ती नेते."

संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

शनिवारी पावाची गाडी आली. पूर्वी हॉर्न वाजला की गुल्वेन सगळ्यांच्या आधी रस्त्यावर हजर असे, कारण जरा जास्त खरपूस भाजलेला पाव त्याला लागे आणि पाववाली तो पहिल्या माणसाला देई. त्या दिवशी तो अंगणात पाठमोरा लाकडं फोडत होता. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. हा ढिम्म हलला नाही. मी मनात म्हटलं, वाजव बाई, अजून वाजव, स्वारी सोंग घेऊन उभी आहे. मीच पाव घेतले. तेवढ्यात अर्सेन आला. त्यानं कुंपणापाशी जाऊन हात उंचावला, तेव्हा कुठे गुल्वेन वळला.

"उत्तरेकडे कडाक्याची थंडी पडलीय," अर्सेन म्हणाला. "पाखरं आली म्हणतात."

"हाणली? कुठे हाणलीस?"

"आली, लेका, आली!" अर्सेन हसत ओरडला.

"ओरडतोस कशाला? चोर तो चोर आणि वर शिरजोर!" गुल्वेननं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "गुरुवारी माझ्या रानात कोण होतं? ओढ्यापलीकडच्या नेच्यात कोण लपत होतं? मला काय दिसलं नाही?"

अर्सेनचं हसू गेलं. "लपत होतो? मी तुला हाका मारत होतो, गुल्वेन. दोनदा, तीनदा. आणि तू..."

इथे त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. "जाऊ दे," म्हणाला. पाव काखेत मारून निघून गेला. माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस गावभरच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगतो, तो अर्ध्या वाक्यावर थांबला म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. गुल्वेन म्हणतो त्यात तथ्य असेल का, असं मलाही पहिल्यांदा वाटून गेलं.

त्या आठवड्यात आमचं घर म्हणजे नुसती हेरगिरी झाली. मी नोलवेनशी फोनवर बोलले की तो दारात येऊन उभा राही. "काय कुजबुज चाललीय?" मी कुजबुजत नसे. टीव्हीचा आवाज तो इतका वाढवी की कपाटातले पेले थरथरत, आणि मला वाटे हा मला छळायला असं करतोय. मी आवाज कमी केला की तो म्हणे, "ऐकू नये असं काय आहे त्यात?" अशा घरात नूगा तरी काय करणार? ती टेबलाखाली जाऊन दोघांच्या पायांच्या बरोबर मध्ये झोपे.

बुधवारी मी गोठ्यामागे कांद्याच्या जातीचे लीक उपटत होते, आणि घरातून त्याचा आवाज आला. गुपितं फोनवर ओरडून सांगणारा तो एकटाच.

"हो, पाच वर्षांची! नाही, शिकारीच्या कामाची राहिली नाही! तुमच्या आईला सोबत म्हणून चालेल! शनिवारी या!"

माझ्या हातातला लीक तिथेच पडला. मी चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात गेले. नूगा त्याच्या खुर्चीशेजारी बसून त्याच्या बुटाची नाडी चावत होती.

"कोणाला देतोयस तिला?"

"कोणाला म्हणजे?" तो दचकला. "तू दाराशी कान लावून ऐकतेस?"

"लीकच्या वाफ्यापर्यंत ऐकू आलं! कोण आहे तो?"

"खालच्या गावचा बेरूल. चांगला माणूस आहे. त्याची आई एकटी असते."

"मीसुद्धा एकटी असते," मी म्हणाले. हे मी ठरवून बोलले नाही, आपोआप तोंडातून गेलं. तो म्हणाला, "काय?" आणि मी ते पुन्हा म्हटलं नाही. त्याऐवजी म्हटलं, "उद्या मला रानात ने."

"तुला?"

"मला. ती खोटं बोलते ना? मला माझ्या डोळ्यांनी बघू दे. मग दे तिला बेरूलच्या आईला, पोपच्या आईला, कोणालाही दे. मी हूं की चूं करणार नाही."

इतक्या वर्षांत त्यानं मला त्या झाडीत नेलं नव्हतं. जेवणाच्या शेवटी चीज कापता कापता म्हणाला, "कोणाला सांगायचं नाही. नोलवेनलासुद्धा नाही."

गुरुवारी सकाळी आम्ही गाडीनं निघालो. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला त्यानं तासभर लावला. चर्चला वळसा, दगडाच्या खाणीला वळसा, पुन्हा चर्च. सारखा आरशात बघत होता, अर्सेनची गाडी मागे आहे का म्हणून. शेवटी ओढ्याकाठी एका मोडक्या फाटकापाशी थांबला आणि मोठा खजिना दाखवावा तसा म्हणाला, "ही जागा." लहानपणी मी दर शरदात इथेच चेस्टनट वेचायला येत असे. मी म्हटलं, "अगबाई, कुठे आलो आपण?" संसारात एवढं तरी करावं लागतं.

नूगाला त्यानं पट्टा घातला. घंटी वाजली, आणि ती झाडीत शिरली. दवानं ओला नेचा माझ्या कमरेपर्यंत होता. गुल्वेन बंदूक धरून पुढे, मी मागे. नूगाची घंटी डावीकडून वाजत होती. तिच्या पावलांबरोबर, कधी घाईत, कधी अडखळत, मग पुन्हा लयीत. छान वाटलं मला. घरी हीच घंटी खुंटीला टांगलेली असते, तिला असा जीव असतो हे ठाऊक नव्हतं.

गुल्वेन थांबला. एक हात वर केला.

"थांबली," तो पुटपुटला.

घंटी वाजत होती.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा गंभीर होता, मान थोडी कलती, डोळे झाडीवर. जन्मभर ज्या शांततेची त्यानं वाट पाहिली, ती त्याला ऐकू येत होती. मी मात्र एका कुत्रीच्या घंटीचा खणखणाट ऐकत उभी होते.

"बघ हं आता," म्हणत तो वाकून चालू लागला, एकेक पाऊल जपून टाकत, काटकी मोडू न देता. मी त्याची बाही धरली.

"गुल्वेन, वाजतेय."

"काय?"

"घंटी. वाजतेय ती. थांबली नाही."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की तसं त्यानं अर्सेनकडेही कधी पाहिलं नव्हतं. "तूसुद्धा?" म्हणाला. "तुलासुद्धा फोडलं त्यानं? काय ठरलंय तुमचं? मला वेडा ठरवायचं?"

"अरे, देवाशपथ सांगते..."

"शपथा घालू नकोस!"

त्याच वेळी नूगा समोरच्या मोकळ्या जागेत आली. आमच्यापासून फार तर वीस पावलांवर. नाक जमिनीला, बोंडुक शेपटी जोरात हलतेय, आणि गळ्यात घंटी इकडून तिकडे, इकडून तिकडे. आपटत होती, उडत होती. ते त्याला दिसत होतं. मला ते दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं.

तो बघत राहिला. त्यानं टोपी काढली आणि कान मोकळे केले. पुन्हा बघितलं. नूगा मोकळी जागा ओलांडून पलीकडच्या झाडीत गेली.

"वाजत होती?" त्यानं विचारलं.

"हो."

"मोठ्यानं?"

आता खोटं बोलायची पाळी माझी होती, आणि मला ते जमलं नाही. "हो," मी म्हटलं. "चर्चमधल्यासारखी."

मला भडभडून आलं. पावाची गाडी, टीव्ही, फोनवरची ओरड, ते सारखं 'काय?' सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलेलं होतं, आणि मीही त्याच्यासारखीच संशयाच्या मागे धावत राहिले. एका घरात राहून मी त्याला दुष्ट समजत होते आणि तो मला.

तेवढ्यात घंटी खरंच थांबली. ओढ्याच्या बाजूला, काटेरी हिरव्या झुडपांपाशी. अंगावर काटा यावा अशी शांतता झाली. मी त्याचं कोपर दाबलं.

"आता थांबली. तिकडे."

तो माझ्या बोटाकडे बघत होता. या माणसानं माझं साधं पावसाबद्दलचं बोलणंसुद्धा खिडकीत जाऊन पडताळून पाहिलं होतं. पण आता त्याला पडताळायला काहीच नव्हतं. तो माझ्या बोटाच्या दिशेनं चालू लागला, आणि मी त्याच्यामागे.

नूगा झुडपापाशी उभी होती. एक पंजा वर, मान ताठ, सगळं अंग तारेसारखं ताणलेलं. तिनं मान वळवली नाही, फक्त एक डोळा आमच्याकडे फिरवला. बेकास पाचोळ्यातून फडफडत उठली, बर्चच्या खोडांमधून वाकडीतिकडी वर गेली. गुल्वेनची बंदूक खांद्याला लागली होती. त्यानं चाप ओढला नाही.

बंदूक खाली घेऊन त्यानं ती उघडली. दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली.

"अर्सेन हाका मारत होता त्या दिवशी," तो म्हणाला. "तो खरं बोलत होता."

"हो."

"नेच्यात काहीतरी हललं, सोआझिग. मला वाटलं रानडुक्कर. मी बंदूक फिरवली होती त्याच्यावर. बोट चापावर होतं माझं." "त्याची लाल टोपी दिसली म्हणून वाचला. नुसती टोपी दिसली म्हणून."

अर्सेननं गिळलेलं वाक्य ते होतं. बायकोसमोर नवऱ्याला सांगू नये असं त्याला वाटलं असेल. आणि आम्ही त्याला चोर म्हणत होतो.

नूगा अजून तिथेच उभी होती. पाखरू उडालं, पण पुढचा बंदुकीचा आवाज आला नाही, म्हणून ती गुल्वेनकडे बघत होती. तो तिच्यापाशी गुडघे टेकून बसला. तिच्या कानांमधले काटे एकेक करून काढत राहिला.

घरी आल्यावर बेरूलला फोन मी केला. कुत्री आमच्याकडेच राहणार असं सांगितलं. त्याच्या आईला मनापासून नमस्कार सांगितला. गुल्वेन शेजारी उभा होता. त्यानं बेरूल काय म्हणाला ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानं मान डोलावली.

नोलवेन म्हणाली, आता कानात घालायची यंत्रं चांगली निघाली आहेत. नव्या वर्षात डॉक्टरची वेळ मिळाली. "घालीन की," तो म्हणाला. "तू काय म्हणतेस ते ऐकायला घालीन. बंदुकीसाठी नाही." यावर मी वाद घातला नाही. अर्सेनकडे मात्र तो स्वतः गेला. दोघं काय बोलले मला ठाऊक नाही, कारण त्यांनी दार लावून घेतलं होतं. पण अर्सेनची बायको सांगते, थोड्या वेळानं सफरचंदाच्या दारूची बाटली उघडल्याचा आवाज आला.

रविवारी आम्ही तिघंही त्या झाडीत गेलो. बंदूक अर्सेनकडे होती. मोडकं फाटक गुल्वेननं त्याच्यासाठी उघडून धरलं. अर्सेन आत शिरताना एकदम हळू बोलायला लागला, चर्चमध्ये बोलतात तसं. मला त्याला सांगावं लागलं, की मोठ्यानं बोल, लेका, याला ऐकू येत नाही. त्यावर गुल्वेनच हसला.

नूगा झाडीत शिरली. बराच वेळ घंटी वाजत राहिली, ओढ्याच्या अलीकडे, मग पलीकडे. मग थांबली. मी कोपर दाबायच्या आधीच गुल्वेनला ते कळलं होतं. तो अर्सेनच्या चेहऱ्याकडे बघत होता. अर्सेन मात्र जागचा हलला नाही. ज्याचं रान त्यानं सांगितल्याशिवाय कसं जायचं, म्हणून तो थांबला होता.

"जा," गुल्वेन म्हणाला. "डावीकडून जा. उजवीकडे चिखल आहे."

अर्सेन गेला. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. गुल्वेनचे हात मोकळे होते. ते कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं. त्यानं ते खिशात घातले, बाहेर काढले, पाठीमागे बांधले, पुन्हा सोडले. मग मी माझ्या खांद्यावरची जेवणाची पिशवी काढून त्याच्याकडे दिली. ती त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि झाडीकडे बघत उभा राहिला.